शंभर टक्के उतरलेली भिंत

स्मारांदाने आयुष्यातला पहिला खोटा अहवाल लिहिला तो जानेवारीतल्या एका सोमवारी, कचेरीत, हातमोजे घालून. ‘द्रागुशिन राजवाडा, खासगी चर्च, पश्चिमेची भिंत. एकूण भाग बारा. उतरवलेले भाग नऊ.’ खरे उतरले होते पाच. नऊचा आकडा काढताना तिचा हात जरा थबकला, पण थांबला नाही. सत्तावन्न वर्षांची बाई, त्यातली तीस वर्षं जुन्या भिंतींवरची चित्रं वाचवण्यात घातलेली, आणि आजवर कागदावर एका रेघेचीही थाप मारलेली नाही. सवय नसलेल्या माणसाचं होतं तेच तिचं झालं. थाप तिने जरा जास्तच सुवाच्य अक्षरात मारली.

तशी त्या वर्षी बुखारेस्टमध्ये खरं लिहिणारी माणसं शोधूनच काढावी लागली असती. कागदावर गहू इतका पिकला होता की ठेवायला कोठारं पुरत नव्हती, आणि पावाच्या दुकानापुढची रांग ट्रामच्या थांब्याला वळसा घालून जात होती. कागदावर घराघरांत ऊब होती, आणि लोक ओव्हरकोट घालून जेवत होते. खालचा माणूस थोडं वाढवून लिहायचा, मधला त्यात आपली भर घालायचा, आणि वर पोचेपर्यंत देशात सगळं ओसंडून वाहत असायचं. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. कमी लिहिणारा मात्र हमखास गोत्यात यायचा.

आठवड्यापूर्वीचंच उदाहरण होतं. उरानुस टेकडीच्या उतारावर बिशपांच्या जुन्या निवासात दुसरी एक तुकडी भिंतीवरची चित्रं उतरवून घ्यायचं हेच काम करत होती. त्यांच्या प्रमुखाने प्रामाणिकपणे ‘वीस टक्के’ लिहून टाकलं. वरून उत्तर आलं: प्रगती असमाधानकारक, काम बंद. तीन दिवसांत निवास पाडला गेला, भिंतींसकट, चित्रांसकट. तो प्रमुख नंतर अंड्यांच्या रांगेत स्मारांदाला भेटला. ‘बाई, काय वाट्टेल ते लिहा,’ तो म्हणाला, ‘पण खरं लिहू नका.’ आणि रांग पुढे सरकली तसा तोही सरकला.

उरानुसची अख्खी टेकडीच जायची होती. घरं, मठ, बागा, सरदारांचे जुने राजवाडे, सगळं. त्या जागी नवा राजवाडा उठत होता, जगात दुसरा नसेल एवढा, आणि त्याच्यापुढे एक रुंद सरळ रस्ता. घरं पाडली तेव्हा माणसांना शहराबाहेरच्या नव्या इमारतींत हलवलं. कुत्र्यांना कुणी हलवलं नाही. ती आपापल्या नसलेल्या फाटकांपुढे बसून असत आणि पाडकामावरच्या सैनिकांवर भुंकत.

द्रागुशिन राजवाडा अजून उभा होता. तीनशे वर्षांपूर्वी सरदार द्रागुशिनाने बांधलेला. पुढे तो इस्पितळ झाला, मग दफ्तरखाना, मग संगीतशाळा. त्याच्या अंगणातल्या छोट्या चर्चमध्ये पश्चिमेच्या भिंतीवर द्रागुशिन आपल्या कुटुंबासह उभा होता. अशा चित्रांत चर्च बांधणाऱ्याच्या तळहातावर त्या चर्चची छोटी प्रतिकृती असायची, तशी त्याच्याही हातावर होती. बाजूला मोत्यांच्या माळा ल्यालेली बायको, आणि पुढे उंचीप्रमाणे उभी सात मुलं. सगळ्यांत शेवटी इलिंका, चार वर्षांची. हे चित्र रंगवलं जात होतं तेव्हाच ती तापाने गेली, असं भिंतीवरच कोपऱ्यात लिहिलेलं होतं.

स्मारांदाने ही मुलगी स्वतःच्या हाताने बाहेर काढली होती. तीस वर्षांपूर्वी ती नवखी होती तेव्हा ही भिंत मेणबत्त्यांच्या काजळीने तव्यासारखी काळी झालेली होती. त्या काळी काजळी पावाने काढत. पावाचा मऊ गोळा करायचा, भिंतीवर हलकेच दाबायचा, काळा झाला की टाकून नवा घ्यायचा. खालच्या कोपऱ्यात सहा आठवडे पाव दाबून तिने एक गाल, मग एक डोळा, मग त्या वयाच्या मुलांचा तो हट्टी ओठ बाहेर काढला होता. स्वतःचं मूल तिला झालं नाही. याबद्दल ती कधी बोलत नसे, पण पाहुण्यांना भिंत दाखवताना इलिंकापाशी तिचा आवाज बदलायचा हे तिच्या हाताखालच्या सगळ्यांना माहीत होतं.

‘पावाने भिंत पुसायचा तुम्ही?’ सुतार पांडेले दर दोन दिवसांनी विचारायचा. ‘आज पुसा. बघा टेकडीवरचे सैनिक येऊन भिंत चाटतात की नाही.’

पांडेले त्रेसष्ट वर्षांचा. पेट्या बनवणं, परांची बांधणं, शेगड्या पेटवणं, सगळं त्याच्याकडे. तुकडीतली बाकी माणसं बिशपांच्या निवासाचं प्रकरण झाल्यावर दुसरीकडे पळवली गेली होती. उरले हे दोघेच. ती त्याला ‘नेआ पांडेले’ म्हणायची, आपल्याहून मोठ्या, जवळच्या माणसाला म्हणतात तसं. तो तिला ‘बाई’ म्हणायचा, आणि चिडवायचं असलं की ‘कॉम्रेड’.

काम असं होतं. आधी सरस उकळायचा, हाडांचा आणि कातड्याचा. तो गरम असतानाच चित्रावर लावायचा, वर मलमल चिकटवायची, पुन्हा सरस, मग जाड तागाचं कापड. मग थांबायचं. सरस वाळताना आकसतो, आणि आकसताना रंगाची पातळ साय भिंतीपासून ओढून आपल्या अंगावर घेतो. पूर्ण वाळलं की कापड खालच्या कडेपासून वर गुंडाळत न्यायचं; चित्र कापडाच्या पाठीवर उतरून येतं. ओलं असताना हात लावला तर सगळा चिखल. घाईने शेकोटी वाढवली तर सरस तडकतो आणि रंगाचा चुरा होतो. एका भागाला कडक थंडीत पाच दिवस लागत, कधी सहा. जळण भरपूर होतं, कारण शेजारच्या पाडलेल्या घरांच्या ओकच्या जमिनी आणि दरवाज्यांच्या चौकटी ढिगांनी पडल्या होत्या. कमी होते ते दिवस.

कुटुंबाचे तीन भाग तिने मुद्दाम शेवटी ठेवले होते. आधी नक्षी, मग संत, मग खिडकीची कमान. हात बसला की मग माणसं. कारागिराचा विचार म्हणून तो अगदी बरोबर होता. रंगीत फोटोही तिने लांबवले, कारण फिल्म फेब्रुवारीत मिळणार होती आणि मुदत फेब्रुवारीअखेरची होती.

खोट्या अहवालाला एक आठवडा झाला; तो उतरलेले पाच भाग पेट्यांत भरण्यातच गेला. दिवस कमी पडणार हे दिसू लागलं, तेव्हा उरलेले संत आणि नक्षी बाजूला ठेवून पुढच्या सोमवारी दोघांनी कुटुंबाच्या पहिल्या भागावर कापड चढवलं. वर द्रागुशिनाची बायको, खाली तिच्या पुढ्यात धाकटी तीन मुलं, आणि त्यात इलिंका. मंगळवारी दुपारी स्मारांदा तळव्याने कापड चाचपत होती तेव्हा दारात बूट वाजले. पाडकामाचा इंजिनिअर लेआहू आला होता, मागे दोन सैनिक. चाळिशीचा, डोळ्यांखाली काळी वर्तुळं असलेला माणूस. बोलायला वाईट नव्हता.

‘अभिनंदन, कॉम्रेड,’ तो म्हणाला. ‘मुदतीच्या महिनाभर आधी. तुमच्यासारखे चार लोक असते तर मी घरी जाऊन झोपलो असतो.’

‘कसलं अभिनंदन?’

‘काम संपल्याचं. कागद आला काल. शंभर टक्के.’ तो सहज म्हणाला. ‘शनिवारी वरून रस्त्याची रेषा बघायला येणारेत. ही इमारत मधे येते. तुमचं झालंच आहे म्हटल्यावर मी ही यादीत वर घेतली. परवा सकाळी, गुरुवारी.’ आणि मग त्याची नजर भिंतीकडे गेली, कापडाकडे, शेगड्यांकडे, आणि उघड्या उभ्या असलेल्या द्रागुशिनाकडे. ‘हे काय आहे?’

पांडेले शेगडीतले निखारे ढवळायला लागला. स्मारांदाचा तळवा कापडावरच राहिला.

‘बारीकसारीक आवराआवर,’ पांडेलेच शेवटी म्हणाला.

लेआहूने दोघांकडे पाहिलं, टोपी नीट केली आणि निघून गेला. त्याला समजलं होतं. त्या शहरात अशा गोष्टी सगळ्यांनाच समजत. बोलायचं काय आणि कुठे, एवढाच प्रश्न असे.

स्मारांदा तडक संस्थेत गेली. संचालक स्टेरियान टेबलाशी शाल पांघरून बसले होते. तिचा चेहरा पाहताच ते उठले, दार लावलं, आणि हात धुवायच्या भांड्यावरचा नळ सोडला. भिंतींना कान असत म्हणून मोठ्या साहेबांच्या खोल्यांत महत्त्वाचं बोलणं नळाच्या आवाजात व्हायचं. नळाला धार कसली, करंगळीएवढं पाणी येत होतं. तेवढ्या आवाजात दोघं बोलली.

‘मी पंचाहत्तर टक्के लिहिलं होतं, साहेब,’ ती म्हणाली. ‘बारातले नऊ.’

‘आणि होते किती?’

‘पाच.’

स्टेरियाननी शाल आवळून घेतली. ‘मी नव्वद केले,’ ते म्हणाले. ‘तुमचं काम चांगलं, वेळेत होणारच, असं धरून चाललो. तुम्ही कधी वाढवून लिहीत नाही हो, बाई. म्हणून तर मी एवढे वाढवले. दुसऱ्या कुणाचे पंचाहत्तर असते तर मी आहेत तसे ठेवले असते.’

‘आणि नव्वदचे शंभर?’

‘मंत्रालयात. नव्वद म्हणजे झालंच की, असं म्हणून.’

तिला हसू यायला हवं होतं. एरवी हीच हकिकत दुसऱ्या कुणाची ऐकली असती तर ती पोट धरून हसली असती आणि घरी जाऊन शेजारणीला सांगितली असती.

‘मग आता सांगा त्यांना,’ ती म्हणाली. ‘चूक माझी आहे. माझं नाव सांगा. दहा दिवस पुरतील. निदान कुटुंबाचे तीन भाग निघतील.’

‘काय सांगू? की माझ्या संस्थेने खोटा अहवाल दिला? त्याला काय म्हणतात माहीत आहे ना? योजनेला सुरुंग. तुम्ही आत जाल. तुमच्या मागे मी. त्या म्हाताऱ्या सुताराचीही चौकशी होईल, त्याची पेन्शन दोन वर्षांवर आली आहे. बरं, हे सगळं होऊनही शनिवारी ते यायचे थांबणार आहेत का? भिंत पडणारच. पडताना आपण बघायला असू की नसू, एवढाच फरक.’

‘म्हणजे काहीच करायचं नाही.’

‘गुरुवारपर्यंत जे निघेल ते काढा,’ स्टेरियान म्हणाले. त्यांचा आवाज उतरला होता. ‘मलाही ती भिंत माहीत आहे, बाई. माझं लग्न त्याच चर्चमध्ये लागलंय. चोरून, पक्षाला कळू न देता.’

त्यांनी नळ बंद केला. बोलणं संपलं.

ती परत टेकडीवर आली ती संस्थेत जे बोलता आलं नाही ते बोलायच्या इराद्यानेच. लेआहू आपल्या पत्र्याच्या खोलीत नकाशावर वाकलेला होता. तिने नळ-बीळ न बघता सरळ सांगून टाकलं: सात भाग भिंतीवरच आहेत, अहवाल माझा, थाप माझी, मला आठ दिवस द्या.

लेआहूने पेन्सिल खाली ठेवली. ‘हे तुम्ही मला सांगितलेलं नाही,’ तो म्हणाला.

‘सांगितलं ना आत्ता.’

‘नाही सांगितलं. ऐका, बाई.’ कॉम्रेडवरून तो बाईवर आला होता. ‘माझ्या कागदावर तिथे भिंत आहे, चित्र नाही. चित्र उतरलं, पेटीत गेलं, झालं. आता जे चित्र कागदावर तिथे नाहीच, त्याच्यासाठी मी तीनशे सैनिक कसे थांबवू? कुणाला काय सांगू? चित्र असतं तर भांडलो असतो. खरंच भांडलो असतो. मागच्या महिन्यात एका घंटेसाठी चार दिवस थांबलो, कारण कागदावर ‘घंटा बाकी’ असं होतं.’

‘तुम्ही या, डोळ्यांनी बघा. आहे की नाही ते.’

‘बघितलं दुपारी,’ तो म्हणाला. ‘म्हणून सांगतो, सकाळी नाही, दुपारी बाराला सुरू करतो. चार तास. यापुढे माझ्या हातात काही नाही.’

चार तास. तिने त्याचे आभार मानले. त्याची तिला स्वतःलाच चीड आली, पण मानले.

बुधवारी दोघांनी बाकीच्या सहा भागांकडे पाठ फिरवली. द्रागुशिन आपल्या हातातलं चर्च सांभाळत उघडा उभा होता, मोठी चार मुलं उभी होती, दोन संत आणि नक्षीचे दोन पट्टे. त्यांच्यावर सरस लावला तरी तो वाळायचा नव्हता. होती ती सगळी आशा सोमवारी कापड चढवलेल्या एका भागावर. पांडेलेने चारही शेगड्या तिथे आणल्या. तिने दोन मागे सारल्या.

‘जवळ राहू द्या, बाई. तडकलं तर तडकलं. काही तरी येईल.’

‘तडकलं तर काही येणार नाही, नेआ पांडेले. चुरा येईल.’

‘आणि ओलं राहिलं तर?’

तिने एक शेगडी पुन्हा पुढे ओढली. दिवसभर त्यांचं हेच चाललं, एक पुढे, एक मागे, जणू आजाऱ्याच्या अंगावरची पांघरुणं. वरचं कापड आवळत होतं. कान लावला की बारीक करकर ऐकू यायची. खालचं मात्र थंडगार लागत होतं. जुन्या भिंती पायातून पाणी पितात, आणि मुलं खाली उभी होती.

गुरुवारी अकरा वाजता तिने सुरी घेतली. नियम खालून वर जायचा, पण खाली हात लावण्यासारखं नव्हतं. ‘वरून घेऊ,’ ती म्हणाली. तीस वर्षांत तिने असं कधी केलं नव्हतं. पांडेले परांचीवर चढला आणि तिने कडेने सुरी फिरवली. वरचं कापड सुटलं ते सुंदर सुटलं. निळं आकाश आलं, मग बायकोचा पांढरा रुमाल, कपाळ, डोळे, मोत्यांची पहिली माळ. पाठीमागे भिंत कोरी पांढरी राहिली, चांगलं काम झाल्यावर राहते तशी. पांडेलेच्या श्वासावरून कळत होतं की त्यालाही आशा वाटायला लागली आहे. त्या अर्ध्या तासात स्मारांदा सुखी होती. नंतर तिला त्या अर्ध्या तासाचीच सगळ्यांत जास्त लाज वाटली.

खांद्याच्या उंचीवर कापड जड झालं. कमरेपाशी सरस लिबलिबीत लागला आणि तारा धरू लागला. तिने कापड बोटभर ओढलं, डोकावलं. कापडावर काही नव्हतं. भिंतीवरही काही नव्हतं, म्हणजे होतं, पण तपकिरी चिखलात लाल आणि हिरवं ओघळत होतं. तिघांतल्या थोरल्या मुलाचा चेहरा हनुवटीपर्यंत पुसून गेला होता. त्याच्या पलीकडची मुलगी, आणि तिच्या पलीकडे इलिंका, अजून कापडाखाली होत्या.

‘थांबा,’ ती म्हणाली.

‘वीस मिनिटं आहेत, बाई.’

‘थांबा म्हणते ना.’

तिने वरचा सुटलेला भाग कापून घेतला आणि पांडेलेकडे दिला. खालचं ओलं कापड तिने पुन्हा भिंतीला लावलं, मुलांवर, आणि दोन्ही तळव्यांनी दाबून नीट बसवलं. याचा काही उपयोग नव्हता हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. पण ते ओढून बघणं तिच्याने झालं नाही. कापडाखाली ती अजून आहे, असं आणखी वीस मिनिटं तरी म्हणता येत होतं.

बाराला शिट्टी झाली. लेआहूने दिला शब्द पाळला होता, मिनिटाचाही फरक नाही. सैनिकांनी कमानीतून लोखंडी दोर ओवले आणि रणगाड्यासारखा एक ट्रॅक्टर त्यांना जुंपला. चर्च पडायला किती वेळ लागला? पांडेलेची एक सिगरेट पुरी झाली नाही. धूळ बसल्यावर कुत्री पुढे आली, हुंगून गेली.

सोमवारी स्टेरियान स्वतः कार्यशाळेत आले. हातात कागद होते आणि बगलेत वेष्टनात गुंडाळलेलं काहीतरी. ‘बारा पेट्या गोदामात जायच्या आहेत,’ ते म्हणाले. ‘आज. ताब्यात घेणारा माणूस गोदामात वाट बघतोय.’

‘पाच भरल्या आहेत,’ स्मारांदा म्हणाली. ‘सहाव्यात अर्धं आहे.’

‘बाराची नोंद आहे.’

‘उरलेल्यांत काय घालू?’

स्टेरियान पांडेलेकडे बघून म्हणाले, ‘वजन. रिकामी पेटी उचलणाऱ्याच्या लगेच लक्षात येते.’

पांडेले शनिवारीच कुणी न सांगता विचार करून बसला होता. त्याने टेकडीवरून, नव्या राजवाड्याच्या कामावर संगमरवर कापताना उरलेल्या ढलप्या हातगाडीने आणून ठेवल्या होत्या. गुलाबी होत्या. भुशात बसवल्या की हलल्यावर वाजत नव्हत्या.

प्रत्येक पेटीवर चिठ्ठी लावायची असे. तीत क्रमांक, आणि खाली एक रकाना: स्थिती. ‘खराब’ लिहिलेली पेटी गोदामात दरवर्षी उघडून तपासत. ‘उत्तम’ लिहिलेली पेटी न उघडता तशीच ठेवत, कारण उगाच हवा लागून रंग बिघडतो. हा नियम पंधरा वर्षांपूर्वी स्मारांदानेच सुचवला होता आणि तो मंजूर झाला तेव्हा तिला केवढा आनंद झाला होता.

सहा चिठ्ठ्या उरल्या. तिच्या मनात आलं, एकीवर ‘खराब’ लिहावं. वर्षभरात कुणी तरी उघडील, संगमरवर बघील, आणि मग निदान विचारलं तरी जाईल की द्रागुशिनाचं कुटुंब कुठे आहे. कुणी तरी विचारायला हवं होतं. तिने मान वर केली. पांडेले ओठांत खिळे धरून उभा होता, हातात हातोडी, आणि तिच्याकडे न बघता पेटीकडे बघत होता. काय चाललंय ते त्याला कळलं होतं आणि तो तिला नको म्हणणार नव्हता.

तिने सहाही चिठ्ठ्यांवर ‘उत्तम’ लिहिलं.

‘हे घ्या,’ जाताना स्टेरियान म्हणाले आणि वेष्टनातली वस्तू टेबलावर ठेवली. चौकटीत बसवलेलं प्रशस्तिपत्र होतं, मुदतीआधी शंभर टक्के काम पूर्ण केल्याबद्दल. ‘मी नाही म्हणू शकलो नाही. तुम्हीही म्हणू नका.’

एप्रिलमध्ये क्लुजहून एक पत्र आलं. तिथल्या एका शाळेतल्या बाई, नाव आउरिका मोल्दोवान, जुन्या काळातल्या मुलांच्या कपड्यांवर कित्येक वर्षं लिहीत होत्या. द्रागुशिन राजवाडा पाडला हे त्यांना कळलं होतं. पण चित्र वेळेत आणि संपूर्ण उतरवलं हे वर्तमानपत्रात वाचून जीव भांड्यात पडला, असं त्यांनी लिहिलं होतं, आणि ज्या हातांनी ते उतरवलं त्या हातांचं चुंबन घेते, असंही. बुखारेस्टला येण्याची परवानगी काही त्यांना मिळणार नव्हती. तेव्हा पेटी उघडायची तसदी नको. फक्त एवढंच कळवावं, की धाकट्या इलिंकाच्या पायांतले बूट लाल आहेत की तपकिरी? जुन्या काळ्यापांढऱ्या फोटोत ते कळत नाही.

स्मारांदाने पेन उचललं. हे तर ती झोपेत सांगू शकली असती. सहा आठवडे ती त्या पायांपाशी गुडघ्यांवर बसली होती. तिने ‘ला’ लिहिलं आणि थांबली.

‘नेआ पांडेले,’ तिने हाक मारली. ‘इलिंकाचे बूट कुठल्या रंगाचे होते?’

पांडेले एका चौकटीला रंधा मारत होता. ‘तपकिरी,’ तो म्हणाला.

‘नक्की?’

त्याने रंधा थांबवला, बराच वेळ विचार केला. ‘तिच्या बहिणीचे तपकिरी होते,’ तो म्हणाला. ‘हिचे… लाल असतील. की ते झग्याचं टोक होतं?’

तिने डोळे मिटले. गाल दिसला, डोळा दिसला, हट्टी ओठ दिसला. त्याच्या खाली तिला तपकिरी चिखल दिसत होता आणि त्यात लाल, हिरवं, दोन्ही. तिने पुन्हा वरून सुरुवात केली, गालापासून, सावकाश. पुन्हा तेच.

मग तिने नवा कागद घेतला आणि संस्थेच्या ठरलेल्या भाषेत लिहिलं, की सदर भाग गोदामात असून त्याची स्थिती उत्तम आहे, आणि तूर्त तो पाहता येणार नाही.